निवडलेलेच तांदूळ

शाळेत मराठीच्या पुस्तकात एखादा तरी लघुनिबंध असायचा. त्यातला माणूस सकाळी आरामखुर्चीत बसायचा. समोर चहाचा कप. तो कप कुणी आणून ठेवला ते लिहिलेलं नसायचं. मग कपातल्या वाफेकडं बघत बघत त्याला आयुष्यातली बारीकसारीक सुखं आठवायची. ना. सी. फडक्यांच्या असल्या लेखांच्या पुस्तकाचं नावच 'गुजगोष्टी'. बाई तो धडा गोड आवाजात वाचून दाखवायच्या. आम्हा चाळीतल्या पोरींना त्यातली एकच गोष्ट समजायची नाही. हा माणूस इतका वेळ बसलाय, तर याला कुणी हाक मारून उठवत कसं नाही?

आपल्या लोकांनी दुःखावर लिहिलं. लिहायलाच पाहिजे होतं. ते लिहिलं नसतं तर महारवाडा, मांगवाडा मराठीच्या पुस्तकात शिरलाच नसता. पण त्या दुःखाच्या घरात माणसं राहत होती. ती हसत होती, रश्श्यात भाकरी चुरत होती, रेडिओला कान लावत होती, दुपारच्याला घटकाभर पाय लांब करून बसत होती. या सुखांचा हिशेब आपण फारसा मांडला नाही. सुख लिहिलं तर लोक म्हणतील, बघा, यांचं बरं चाललं होतं की. ही भीती. मी ती भीती बाजूला ठेवते. आमच्या घरातलं सुख कुठून आलं, कुणी मिळवून दिलं, कुणाच्या वाट्याला आलं आणि कुणाच्या नाही, हे नीट बघितलं तर त्यात सगळंच दिसतं.

मी एकाच सुखाबद्दल लिहिणार आहे. रिकामं बसण्याच्या.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, माणदेशाकडं. आजा वतनदार महार. वतनदार शब्द ऐकायला भारी वाटतो. पाळी आली की गावकीची कामं करायची. सारा भरा म्हणून गावभर हाका मारायच्या. सरकारी माणसाचा बोजा पुढच्या गावाला पोचवायचा. मयताचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री कोसच्या कोस चालायचं. मेलेलं ढोर ओढायचं. चावडीवर पहारा करायचा. बदल्यात इनामाचा तुकडा, तोही भावकीत वाटून वाटून सतरंजीएवढा राहिलेला, आणि खळ्यावरचं बलुतं. पण या चाकरीचं खरं लक्षण निराळं होतं. तिला तास नव्हते. दिवस नव्हता की रात्र नव्हती. आजा घरात नसला तर पोराला धरून न्यायचे. पोरगा नसला तर बाईला. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतनाचा कायदा बदलायचं बिल आणलं, तेव्हा त्यांनी याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. पुढं १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं खालसा झाली, त्यात आमचंही गेलं. घरात कुणी रडलं नाही.

आज्जी सांगायची, "म्हार बसल्याला दिसला की पाटलाच्या प्वाटात दुखायचं. कायतरी काम काढायचाच. काम नसलं तर म्हणायचा, जा, वाड्याम्होरचं झाडून घे."

म्हणून आज्यानं एक युक्ती काढली होती. जोत्यावर बसायचं झालं की हातात बाभळीचा दांडा घ्यायचा आणि विळ्यानं तासत बसायचा. तासायचा म्हणजे काय, विळा नुसता वरनं फिरवायचा. कुणी हाक मारलीच तर म्हणायचा, "दांडा करतुया जी, पाटलाच्याच कुऱ्हाडीला." पाटलाचं काम चालू असल्यावर त्याला उठवणार कोण?

"येकच दांडा त्यानं आठ वरसं तासला," आज्जी म्हणायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. "शेवटाला लाटण्याएवढा झाला, तवा चुलीत घातला."

आम्ही पोरं खो खो हसायचो. आज मला ती गोष्ट सांगताना हसू येतं आणि घशात काहीतरी अडकतं. गावगाड्यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. त्या दांड्याएवढं नेमकं त्यात काही नाही. माणसाला स्वतःच्या जोत्यावर घटकाभर टेकायला निमित्त लागत होतं.

बाप १९५१ साली मुंबईला आला. नायगावच्या बीडीडी चाळीत एका दूरच्या नातेवाइकाकडं उतरला, पुढं तिथंच खोली मिळाली. या चाळी इंग्रजांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२० नंतर बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले. एका मजल्यावर वीस खोल्या, मधून अंधारा पॅसेज, दोन्ही अंगांना दारं, संडास सगळ्यांत मिळून. खोली १६० चौरस फुटांची. त्यात मोरी, त्यातच चूल, त्यातच पाहुणे, बाळंतपण आणि अभ्यास.

बाप गिरणीत साचाखात्याला लागला. जुन्या काळापासून मागावर आपल्या माणसाला घेत नसत. तिथं तुटलेला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा आणि आपल्या तोंडानं तो बाटायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला होता. ती रीत उघडपणे सांगायची सोय राहिली नाही, तरी आपली माणसं बापाच्या काळातही जास्त करून साचाखात्यातच दिसायची. कापसाची बारीक धूळ बापाच्या भुवयांवर बसलेली असायची. तरी तो म्हणायचा, गिरणी बरी. का बरी? तर भोंगा होतो.

"भोंगा झाला की मुकादमाचा बा आला तरी मी त्येचा न्हाई," असं तो म्हणायचा. हे वाक्य म्हणताना त्याची मान ताठ व्हायची. आज्याला आयुष्यभर असलं वाक्य म्हणता आलं नव्हतं.

आणि बापाला रविवार होता.

रविवारी बाप उशिरा उठायचा. उशिरा म्हणजे सात. डोक्यावर खोबरेल थापायचा, मोरीत बसून दोन बादल्या ऊन पाणी घ्यायचा. धुवट लेंगा, पांढरा शर्ट. शर्टाला आदल्या रात्रीच इस्त्री झालेली असायची, पितळी तांब्यात शेगडीतले निखारे घालून. मग विहारात वंदना. येताना मटण. पैसे असले तर अर्धा किलो, ओढ असली तर वजडी, महिनाअखेरीला सुकट. मटण चुलीवर गेलं की बाप दारात स्टूल टाकून बसायचा आणि शेजाऱ्याचा पेपर जाहिरातींसकट वाचायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आज मटान हाय." मसाल्याचा वास पॅसेजभर गेलेलाच असायचा, तरी तो सांगायचा. त्या सांगण्यातच निम्मी चव होती. जेवण झालं की झोप. संध्याकाळी पॅसेजच्या टोकाला कॅरम. घरात रेडिओ आला तेव्हा कामगार सभा आणि बुधवारी रात्री आठला सिलोनवर बिनाका गीतमाला. मजल्यावरची पोरं आमच्या दारात गोळा व्हायची आणि बाप रेडिओचं बटण दुसऱ्या कुणाला पिळू द्यायचा नाही.

बापाच्या या सुखाला मी हसत नाही. त्याच्या रविवाराला इतिहास आहे. नारायण मेघाजी लोखंडे हा फुल्यांचा सत्यशोधक माणूस. त्यानं १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, हजारो सह्यांचे अर्ज केले. तेव्हा कुठं १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. पुढं बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. कारखान्यातला ५४ तासांचा आठवडा ४८ तासांवर आणण्याचं बिल त्यांनी मांडलं आणि १९४६ साली त्याचा कायदा झाला. पगारी सुट्टीचा कायदाही त्याच काळातला. बाप स्टुलावर बसून पेपर वाचायचा तेव्हा त्याच्या पाठीशी एवढी माणसं उभी होती. म्हणून त्याला हातात दांडा धरावा लागत नव्हता.

आणि आई?

आमच्याकडं सात माणसांची खाणावळ होती. सगळी आपली, गावाकडची, बायकापोरं गावी ठेवून आलेली. तिघं पहिल्या पाळीला, दोघं दुसरीला, दोघं रातपाळीला. म्हणजे आईच्या चुलीला तिन्ही पाळ्या. घरची सहा माणसं धरून तेरा तोंडं. दिवसाला चाळिसाच्या वर भाकऱ्या. पहाटे साडेतीनला उठायची, कारण चारला पाणी यायचं. पाणी भरून झालं की पहिल्या पाळीचे डबे. मग आमच्या शाळा, रेशनची रांग, राकेलची रांग, धुणं. स्टोव्हची पिन हरवली की आईचा जीव कासावीस व्हायचा. तशी ती सोन्याची नथ हरवली तरी झाली नसती. अर्थात नथ नव्हतीच.

रविवार तर तिच्यासाठी सगळ्यात वाईट. सातही माणसं खोलीवर. सगळ्यांना मटण. वाटण पाट्यावर. खोबरं भाजा, कांदा भाजा, वाटत बसा. गिरणी बंद असायची त्या दिवशी आईची गिरणी डबल चालायची आणि तिचा भोंगा व्हायचा नाही.

पण तिनंही एक जागा शोधून ठेवली होती. रोज दुपारी दुसऱ्या पाळीची माणसं जेवून जायची आणि पहिल्या पाळीची साडेतीनच्या भोंग्याला सुटायची, या दोहोंच्या मधला अर्धा-पाऊण तास. आई मोरी धुऊन काढायची, हात पुसायची, खिडकीखाली भिंतीला पाठ लावून पाय लांब करायची. मशेरीची डबी उघडायची. डाव्या तळहातावर चिमूट घेऊन बोटानं दातांना लावायची. डोळे अर्धे मिटलेले. खिडकीतनं समोरच्या चाळीच्या दोऱ्या दिसायच्या, त्यांच्यावरची लुगडी-धोतरं, कावळे, गिरणीच्या चिमणीचा एक तुकडा. ती ते बघायची. नुसतंच बघायची. तिचा चेहरा त्या वेळी दुसऱ्याच कुणा बाईचा असायचा. वयानं लहान, जरा अनोळखी.

आणि मांडीवर सूप असायचं. सुपात तांदूळ.

रेशनचे तांदूळ खडेवाले असायचे, निवडावे लागायचे हे खरं. पण ते ती सकाळीच निवडून ठेवायची. दुपारी सुपात असायचे ते निवडलेलेच तांदूळ. एखादं बोट त्यात फिरत असायचं एवढंच.

माझी शाळा सकाळची. त्या वेळेला मी घरी असायची. आई मला दहा पैसे देऊन खालनं खाऱ्या दाण्यांची पुडी आणायला लावायची. दाणे दोघींत. निम्म्याहून जास्त मला. मग पुडीचा कागद उलगडायचा आणि मी तो वाचून दाखवायचा. हा आमचा नेम होता. आई निरक्षर. तिला आख्खा पेपर कुणी वाचून दाखवलेला नव्हता, पण पुडीएवढा पेपर ती रोज ऐकायची. कधी अर्धी बातमी, कधी गणिताच्या वहीचं पान, कधी नाटकाची जाहिरात, कधी गोष्टीचं मधलंच पान.

एकदा वधू पाहिजेची जाहिरात आली. गोरी, देखणी, गृहकृत्यदक्ष.

"गृहकृत्यदक्ष म्हंजी काय गं?"

"घरकामात हुशार."

आई मशेरीचं बोट तसंच तोंडात ठेवून विचारात पडली. मग म्हणाली, "मग त्येला म्हणावं, तेरा जणाचं करून बघ म्हणावं येक दिस." आणि अशी हसली की सुपातले तांदूळ सांडले.

गोष्टीचं पान आलं की तिला जास्त आवडायचं. कारण शेवट फाटलेला असायचा आणि तो तिला करायला मिळायचा. एका पानात कुणी बाई घर सोडून रात्री स्टेशनवर येते, गाडीत चढते, आणि कागद संपतो. मी विचारलं, "आये, कुठं गेली आसंल?" आई बराच वेळ खिडकीतनं बघत राहिली. "गेली आसंल कुठंबी," ती म्हणाली. "खिडकीशी जागा घावली म्हंजी झालं."

तो कागद तिनं घडी घालून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला. तिथं असले बरेच कागद होते.

बाप पहिल्या पाळीला असला की भोंग्यानंतर पंधरा मिनिटांत पॅसेजमध्ये त्याच्या वहाणांचा आवाज यायचा. तो आवाज आईला दुरून कळायचा. पाय आपोआप आत ओढले जायचे. पुडी सुपाखाली. बोटं तांदळात. बाप दारातनं म्हणायचा, "बसलीस व्हय?"

आई म्हणायची, "तांदूळ निवडतीया."

एवढंच. बाप मारकुटा नव्हता. दारू प्यायचा नाही, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर रांगेत उभा राहायचा, आम्हा पोरींना शाळेतनं काढा म्हणणाऱ्या नातेवाइकांना त्यानं तोंडावर उत्तर दिलं होतं. "बसलीस व्हय" हे तो रागानंही म्हणायचा नाही. सवयीनं म्हणायचा. आठ तास उभं राहून आलेल्या माणसाला बसलेलं माणूस दिसलं की तोंडातनं जे येतं ते.

आज्जी शेवटची काही वर्षं आमच्याकडंच होती. कोपऱ्यात पडून असायची. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण कान शाबूत. एका दुपारी बाप दारात आला आणि नेहमीचं बोलला. आज्जी अंथरुणातनं म्हणाली, "ह्यो कोन बोलला गं? माझा ल्योक, का पाटील?"

खोलीत कुणी हललं नाही. बापानं खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि तोंड धुवायला मोरीत गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. मग आज्जी हळूच आईला म्हणाली, "तुझ्या सासऱ्याचा दांडा आन् तुझं सूप, दोनी येकाच जातीची हायती बया."

आज्जी १९७९ साली गेली. शाळेत नव्हती, सभेत नव्हती. पण आपल्या चळवळीला जे बोलायला बरीच वर्षं लागली ते ती अंथरुणातनं एका वाक्यात बोलली. पाटील काही एस.टी.त बसून मुंबईला आला नव्हता. पण त्याचा प्रश्न आमच्या घरात आला होता, बापाच्या वहाणांतनं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. आमच्या खाणावळीतली माणसं एकेक करून गावाकडं गेली. जाताना आईच्या पाया पडली, उधारी द्यायला कुणाकडं काही नव्हतं. चूल थंडावली. आईनं दादरच्या एका बिल्डिंगीत तीन घरांची धुणंभांडी धरली. एका घरात तिचा कप निराळा होता, कान तुटलेला, तो खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवायचे. आईनं तिथं चहा घेणं बंद केलं. "मला चहा चालत न्हाई," असं सांगितलं. चहा म्हणजे तिचा जीव की प्राण.

आणि बाप दिवसभर रिकामा. स्टूल तेच, दार तेच, पण त्याला ते बसणं सोसेना. सकाळी डबा घेतल्यासारखा हात लांब करायचा आणि मागं घ्यायचा. भोंग्याच्या वेळेला त्याची मान वर व्हायची. या बसण्याला फुरसत म्हणत नाहीत. उद्याची भाकरी ठरलेली असेल तरच आजचं बसणं गोड लागतं. कामावरनं हाकललेला माणूस आणि कामातनं उठून बसलेला माणूस दुरून सारखेच दिसतात. जवळ जाऊन डोळे बघावे.

मी त्या वेळी डी.एड. करत होते. विहारात आमचा अभ्यासवर्ग चालायचा. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, या विषयावरचं बाबासाहेबांचं १९४५ सालचं इंग्रजी पुस्तक तिथं कुणीतरी समजावून सांगितलं. त्यात गांधीवादावरचं प्रकरण आहे. चरख्याकडं परत चला म्हणणाऱ्यांना बाबासाहेब तिथं जाब विचारतात. त्यांचं म्हणणं असं, की जनावर नुसतं पोटासाठी जगतं, माणसाला त्यापलीकडं मन घडवायचं असतं. त्याला फुरसत लागते. फुरसत हवी तर अंगमेहनत कमी झाली पाहिजे, आणि ती कमी करायला यंत्र पाहिजे. श्रीमंताला फुरसत असतेच. ती गरिबाला मिळाली पाहिजे म्हणून बाबासाहेब यंत्राच्या बाजूनं उभे राहतात.

मी घरी येऊन आईला हे सांगितलं. कारण मला वाटलं, हे तिच्याबद्दलच लिहिलंय. आई भांड्यांनी फुगलेले हात बघत म्हणाली, "बाबांनी खरंच आसं लिवलंय? बायमानसानं बसावं म्हनून?"

"माणसानं बसावं म्हणून लिहिलंय."

"मग त्यात म्या आलेच की," आई म्हणाली.

मला म्युनिसिपालिटीच्या शाळेत नोकरी लागली आणि १९८७ साली मी घरात मिक्सर आणला. आईनं त्याला हळदकुंकू वगैरे काही लावलं नाही, नुसता हात फिरवला. पाटा मोरीशेजारी उभा करून ठेवला. महिनाभर गंमत चालली. मग घरच्यांच्या लक्षात आलं, की वाटण आता दोन मिनिटांत होतं. मग रोज चटणी झाली. पाव्हणा आला तर इडली करा झालं. शेजारणी डाळ घेऊन यायला लागल्या. आई म्हणाली, "यंत्र आलं, पन बसा म्हननारं कोन हाय?" बाबासाहेबांच्या पुस्तकाला तिनं जोडलेली ही ओळ आहे, असं मी समजते. यंत्र तर पाहिजेच. पण वाचलेला वेळ कुणाचा, हे घरात ठरवावं लागतं. तो आपोआप बाईचा होत नाही.

संपानंतर बापाची गिरणी पुन्हा धडपणी चालली नाही. तो एका सोसायटीत रात्रीचा वॉचमन झाला. दिवसा घरी. आई तीन घरची कामं उरकून तीनच्या सुमाराला यायची. त्या दिवसांत पॅसेजमध्ये एक विचित्र गोष्ट घडू लागली. दुपारी तीनला आमच्या खोलीचं दार बंद व्हायला लागलं. आतनं कडी.

चाळीत दिवसाउजेडी कुणी दार लावत नाही. दार लावणं म्हणजे एक तर मयत, नाहीतर भांडण, नाहीतर आणखी काही. बायका कुजबुजायला लागल्या. समोरच्या खोलीतली मावशी तर आईला म्हणाली, "म्हाताऱ्याला या वयात चळ लागला का गं?" आईनं तिला उत्तर दिलं नाही. नुसती लाजली. त्यानं तर संशय पक्का झाला.

आत काय चालायचं, तर बाप चहा करायचा. स्टोव्ह पेटवायचा, आधण ठेवायचा, साखर मुठीनं टाकायचा. आई येऊन भिंतीला पाठ लावून बसली, की कप-बशी तिच्या पुढ्यात ठेवायचा. मग स्वतः जरा लांब, पेपर उघडून. आई बशीत ओतून फुरके मारायची आणि दरवेळी एकच बोलायची, "साखर लई झाली." बाप दुसऱ्या दिवशी तितकीच साखर टाकायचा. सूप खिळ्याला टांगलेलं असायचं. तांदूळ डब्यात.

मी एकदा बापाला विचारलं, "दार कशाला लावता?" तो म्हणाला, "उगं, वारा येतो, स्टोव्ह भडकतो." आमच्या पॅसेजमध्ये वारा कधी आला नाही. शेजारपाजारचे पुरुष हसतील, ही त्याची भीती. चळ लागला म्हटलेलं त्याला चाललं. बायकोला चहा करून देतो म्हटलेलं चाललं नसतं. आज्याला बसायला निमित्त लागलं, आईला बसायला निमित्त लागलं, आणि बापाला आईला बसवायला निमित्त लागलं. पण त्यानं बसवलं. मला माझ्या बापाचा सगळ्यात मोठा अभिमान कशाचा असेल तर या चहाचा. मोर्चात तो हजारोंच्या बरोबर चालला. इथं तो एकटा होता.

बाप १९९८ साली गेला, आई २०११ साली. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांचे ५०० झाले. घरातच संडास, घरातच नळ, लिफ्ट. ज्यांना मिळालं त्यांचा आनंद मी समजू शकते. आमच्या दोन पिढ्या संडासच्या रांगेत उभ्या राहिल्या. आता प्रश्न एवढाच, की या ५०० फुटांत आईच्या बसायची जागा किती.

सरकारनं लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या १५ ते ५९ वयाच्या बाया २०१९ साली त्यात दिवसाला सरासरी ३१५ मिनिटं घालवत होत्या. २०२४ साली ३०५. पाच वर्षांत दहा मिनिटं. सहा वर्षांवरच्या सगळ्यांचा हिशेब धरला तर २०२४ साली बायांची २८९ मिनिटं आणि पुरुषांची ८८. तीही, जे पुरुष काही करतात त्यांचीच. लोखंड्यांनी मागितलेला रविवार गिरणीच्या फाटकापर्यंत आला. उंबरठ्याच्या आत तो अजून पुरता आलेला नाही.

माझी सून नर्स आहे. ड्यूटीवरनं आली की पाय खुर्चीवर टाकून बसते, मोबाईल बघते, कधी नुसतीच पंख्याकडं बघते. तिच्या मांडीवर सूप नसतं. शेजारची एक बाई मला म्हणाली, "सून बसून असते हो तुमची." मी म्हटलं, "हो. बसते." त्या बाईला आणखी काहीतरी ऐकायचं होतं. कारण, सबब, डोकं दुखतंय, काहीतरी. माझ्याकडं द्यायला काही नव्हतं. ती बसते, एवढंच.

माझ्या भावांनो, तुम्ही सभेत समतेवर बोलता, चांगलं बोलता, मी टाळ्या वाजवते. घरी गेल्यावर एक काम करा. बाई बसलेली दिसली तर बसू द्या. काय करतेस म्हणून विचारू नका. स्टोव्ह म्हणा, गॅस म्हणा, पेटवा आणि चहा टाका. साखर जास्त झाली तरी चालेल.

फक्त दार लावू नका.